मामाची रजा

मामाची नोकरी माझ्या एका वाक्याने गेली. ते वाक्य मी एकोणिसाव्या वर्षी, कपातला चहा निवायच्या आत लिहिलं आणि लिहून झाल्यावर घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला राहत होतो. बाबा एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका आणि बिलबुकांच्या जोडीला तिथे पत्रकंही छापली जायची. पाणी नाही म्हणून मोर्चा, रेशन नाही म्हणून धरणं, दवाखाना नाही म्हणून सह्यांची मोहीम. छपाईत बिघडलेले कागद बाबा घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवरून वाचायला शिकले. त्यामुळे 'बंधू-भगिनींनो' आणि 'आता तरी जागे व्हा' हे माझ्या तोंडी लहानपणापासून होतं. शाळेत 'आमची सहल' या निबंधाचा शेवट मी 'हे आणखी किती दिवस सहन करायचं?' असा केला होता. बाईंनी वर्गात विचारलं, "सहलीत तू काय सहन केलंस गं?" सगळे हसले. मला मात्र वाटलं, बाईंना लिखाणातलं काही कळत नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ. रत्नागिरीकडून आला आणि इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागला. कारखाना म्हणजे एक लांबट गाळा. त्यात सहा प्रेस. प्रेसखाली पत्रा दाबला की डबा तयार होतो. पण दाबायच्या आधी साचा नीट बसवावा लागतो. त्याला सगळे डाय म्हणत. डाय केसभर तिरकी बसली तर डब्याच्या गळ्याला सुरकुती पडते आणि माल भंगारात जातो. डाय बसवणं हे मामाचं काम. अकरा वर्षं तो तेच करत होता.

त्याशिवाय मामा टीएत होता. टेरिटोरियल आर्मी, सरकारी मराठीत प्रादेशिक सेना. पूर्णवेळ फौजेत जायचं त्याचं वय निघून गेलं होतं, पण टीएत नोकरीधंदा सांभाळून जाता येतं. वर्षातून काही आठवडे शिबिराला जायचं आणि परत येऊन आपल्या कामाला लागायचं. देशाला गरज लागली की मात्र बोलावणं येतं, आणि मग ते सोडतील तेव्हाच सुटका. शिबिराला जाताना मामा शेठला तोंडी सांगायचा. शेठ म्हणायचा, "जा, पण दिवाळीच्या मालाआधी ये." इतक्यावर काम भागत होतं.

दोन हजार दोनच्या सुरुवातीला ते मोठं बोलावणं आलं. सीमेवर फौजा उभ्या होत्या. किती दिवसांसाठी जायचंय ते कुणीच सांगत नव्हतं. कारखान्याचा कारकून, ज्याला सगळे मेहताजी म्हणत, तो म्हणाला, "इस बार लिखके दो." म्हणून मामा संध्याकाळी मामीला घेऊन माझ्याकडे आला.

"बाय, दोन ओळी लिहून दे. 'मला लष्कराचं बोलावणं आलंय. सुट्टी हवी. सुटलो की लगेच कामावर येतो. माझी जागा ठेवा.' बस एवढंच."

"मामा, हे काय? 'माझी जागा ठेवा' म्हणजे भीक मागतोयस की काय?"

"मग ठेवायला नको?"

"ठेवतीलच. देशासाठी चाललायस तू. मागायचं नाही, सांगायचं."

"सांग बाई मग," मामा म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

मी लिहिलं: 'मातृभूमीच्या हाकेला ओ देऊन, गेल्या अकरा वर्षांतील आपल्या सहकार्याबद्दल ऋण व्यक्त करून, मी आज आपली रजा घेत आहे.'

मामीने डोळे पुसले. मामाने कागद उलटसुलट पाहिला.

"यात परत येणार ते कुठाय?"

"ते आलंच त्यात."

"कुठे आलं?"

"रजा म्हटलंय ना! रजा म्हणजे सुट्टीच."

मामाने सही केली. दुसऱ्या दिवशी कागद मेहताजीला दिला, गाळ्यातल्या सगळ्यांना 'येतो' म्हणाला आणि गेला.

तो परत आला त्याच वर्षाच्या डिसेंबरात. जाताना इथे नगरपालिका होती, येईस्तोवर महानगरपालिका झाली होती. मामा ती पाटी वाचून म्हणाला, "बघ, गावाला पण बढती मिळाली." रंगाने काळवंडला होता, बाकी तसाच होता. एक दिवस घरी झोपला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कामावर गेला. साडेनऊला परत दारात. मामीला वाटलं काही विसरला.

"मस्टरात नाव नाय," मामा म्हणाला. मस्टर म्हणजे हजेरीचं मोठं पुस्तक. "मेहताजी बोलला, तू राजीनामा दिलास."

"कधी?" मी विचारलं. मी त्या वेळी त्यांच्याकडेच होते.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "जानेवारीत."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला. "इंग्रजी आहे. सुभेदारसाहेबांनी सुटताना सगळ्यांना दिला. बोलले, मालक अडला तर दाखवा."

ती टीएच्या कायद्याच्या एका पानाची झेरॉक्स होती. स्वातंत्र्यानंतर लगेच केलेला कायदा. त्यातलं एकच वाक्य जवळजवळ अर्ध्या पानाचं होतं. मी शब्दकोश घेऊन बसले आणि दुपारपर्यंत ते सोडवलं. अर्थ साधा होता. नोकरीत असलेल्या माणसाला लष्करी सेवेसाठी बोलावलं तर त्याला लागेल तेवढी सुट्टी देणं हे मालकाचं कर्तव्य. सेवा संपली की त्याला कामावर परत घेणं हेही मालकाचं कर्तव्य. आणि परत घेताना तो गेलाच नसता तर ज्या जागी, ज्या अटींवर असता, त्याहून कमी काही द्यायचं नाही.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात कुठे हाक नव्हती, ओ नव्हती, मातृभूमी नव्हती. कर्तव्य हा शब्द मी आजवर शेकडो पत्रकांत वाचला होता आणि दर वेळी तो गरिबाच्या खांद्यावर ठेवलेला असायचा. इथे तो मालकाच्या खांद्यावर होता. मामाने जे सांगितलं होतं तेच कायदा सांगत होता: सुट्टी द्या, परत येतो, जागा ठेवा. मी तेवढंच खोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मामाबरोबर शेठकडे गेले. गाळ्याच्या पोटमाळ्यावर त्याची केबिन होती. भिंतीवर लहानमोठे डबे मांडलेले. शेठने आम्हाला बसवलं, चहा मागवला, सीमेवर थंडी किती होती ते विचारलं. मग फाइल उघडून माझा कागद काढला.

"दिकरी, तू शिकलेली आहे. हे वाच. 'आपली रजा घेत आहे.' आमच्या गुजरातीत पाहुणा उठतो ना, तेव्हा बोलतो, चालो, रजा लउं. मग तो परत येऊन सोफ्यावर बसत नाय."

"शेठ, रजा म्हणजे सुट्टी."

"सुट्टीसाठी अकरा वर्षांचे आभार कोण मानतो?"

मराठीतही सभेतून उठताना लोक आपली रजा घेतात, हे मला ठाऊक होतं. मी तशी भाषणं छापील वाचली होती. म्हणून तर ते वाक्य मला इतकं आवडलं होतं. आणि गुजरातीत नोकराला 'रजा आपी' म्हटलं तर त्याला काढून टाकलं असाही अर्थ निघतो, हे मेहताजीने मला त्याच दिवशी जिन्यात ऐकवलं. तीन अर्थांच्या शब्दावर मी मामाला सही करायला लावली होती.

मी कायद्याचं पान पुढे केलं. शेठने चष्मा लावून ते नीट वाचलं.

"हे नोकरीत असलेल्या माणसासाठी आहे. याने जायच्या आधी नोकरी सोडली." त्याने कागद परत दिला. "पण माणूस चांगला आहे. मी कुठे नाय बोलतो? उद्यापासून येऊ दे. नवीन म्हणून घेतो. मस्टरात शेवटी नाव."

मस्टरात नावं कामाला लागल्याच्या क्रमाने असत. मामा चौथा होता. मालाला मागणी कमी झाली की खालून माणसं कमी होत, हे त्या रांगेतल्या प्रत्येक गाळ्याला माहीत होतं. शेवटी नाव म्हणजे पहिल्या मंदीत घरी. मामाने तोंड उघडलं होतं. तो "ठीक आहे शेठ" म्हणणार हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"नाही," मी म्हणाले. "चौथा होता, चौथाच राहील."

शेठने हात जोडले. आम्ही उतरलो. रस्त्यावर आल्यावर मामा म्हणाला, "बाय, माझ्या तोंडातला शब्द तू दुसऱ्यांदा काढलास."

हे मला लागलं. आम्ही चालत राहिलो. इंद्रलोक वस्तीकडे नव्या इमारती उठत होत्या, तिथे वाळूचा ढीग रस्त्यावर आला होता. मामा तिथे थांबला.

"मग तूच सांग काय करायचं," मी म्हणाले.

"नवीन म्हणून मी नाय जाणार. तुझं ते बरोबर आहे. पण ओरडायचं नाय." त्याने रस्त्यावरची वाळू पायाने ढिगाकडे सारली. "तिकडे रोज सकाळी आम्ही रांगेत उभं राहून हजर म्हणायचो. काम असो नसो. इथे पण म्हणतो. रोज जातो, रोज लिहून देतो. पण मी सांगेन तेवढंच लिहायचं."

त्याने सांगितलं आणि मी लिहिलं: 'आज मी कामावर हजर आहे.' खाली तारीख, सही. दोन प्रती. एक त्यांना, एकीवर 'मिळाले' अशी मेहताजीची सही.

पहिल्या दिवशी मेहताजीने कागद हातातच घेतला नाही.

"ये क्या है?"

"हजेरी," मामा म्हणाला.

"हजेरी अंदर लगती है."

"आत घ्या, आत लावतो."

मेहताजीला हसू आलं. त्याने सही केली. मग मामा गाळ्याबाहेर, पत्र्याच्या गुंडाळ्या उतरवतात त्या ओट्यावर बसला. जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला. कामाची वेळ संपली तेव्हा उठला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घोषणा नाही, बोर्ड नाही. मी कॉलेज बुडवून रोज त्याच्याबरोबर जायचे आणि ती एक ओळ लिहायचे. एवढं कमी मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

मामा नसताना त्याचं काम जवळच्या मुर्धा गावाहून येणारा एक जुना कामगार करत होता. आपल्या तीन प्रेस आणि मामाच्या तीन. तो जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन मामाशेजारी बसायचा.

"दादूस, तू तिकरं बंदूक घेऊन बसलास, आन् हिकरं माझी कंबर शहीद झाली," तो म्हणायचा. मग माझ्याकडे वळून, "आन् पोरी, तू? तुझा कागद तर बंदुकीपेक्षा भारी निंगाला. एका गोलीत मामा गार!"

मामा हसायचा. मलाही हसावं लागायचं.

पण माझी खोड एकदम गेली नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी मी घरी एक पत्रक लिहिलं. 'सीमेवर जागणाऱ्याला दारात बसवणारे हे कोण?' असं त्याचं शीर्षक होतं आणि खाली शेठचं नाव, गाळ्याचा नंबर. बाबांनी खिळे जुळवायला घेतले होते. मामाला कळलं तसा तो थेट छापखान्यात आला.

"शेठचं नाव छापून काय होणार? उद्या मला त्याच्याच गाळ्यात डाय बसवायचीय."

"तो अन्याय करतोय, मामा."

"करतोय. मी तो रोज सकाळी त्याच्या हातात देतोय ना, तारीख घालून."

बाबांनी जुळवलेले खिळे एकेक करून परत खणांत टाकले. त्या आवाजाचा मला भयंकर राग आला होता, आणि मामाचं बरोबर आहे हेही तेव्हाच कळलं होतं. अन्यायाविरुद्ध दाद मागायची तर ती ज्याच्याकडून मिळणार त्याला ऐकू जाईल अशी मागावी. मी सगळ्या भाईंदरला ऐकवायला निघाले होते.

मध्ये एक दिवस मी ठाण्याला एका सरकारी कचेरीत जाऊन आले. दोन टेबलं झाल्यावर तिसऱ्यावरच्या साहेबांनी अर्ज पाहिला आणि विचारलं, "टेरिटोरियल? म्हणजे जमिनीचं प्रकरण ना? मग भूमी अभिलेखला जा." मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि असं प्रकरण आमच्याकडे कधी आलेलं नाही म्हणाले. मी परत आले ती मामाच्या पलटणीचा पत्ता घेऊन बसले. मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: हा माणूस अमुक तारखेला तुमच्याकडून सुटला, अमुक तारखेपासून कामावर हजर आहे, मालक जुन्या जागी घेत नाही, मालकाचा पत्ता असा. मामाने त्या मराठीत सांगायला लावल्या, 'बरोबर' म्हणाला आणि मगच मी पाकीट चिकटवून रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

पुढचे दिवस कठीण गेले. मामीने एकदा विचारलं, "शेवटचं तर शेवटचं, नाव लागतंय ना?" शेजारचे विचारायचे, आज कामाला सुट्टी का? एका सकाळी मामा डबा घेऊन दाराशी उभा राहिला आणि बराच वेळ चपला घालेना. मी कागदावर तारीख घालून त्याच्यापुढे धरला. त्याने सही केली. मग आम्ही निघालो.

सोळाव्या दिवशी मेहताजीने कागद घेतला आणि म्हणाला, "ऊपर बुलाया है. दोनों को."

शेठच्या टेबलावर पलटणीचं पत्र होतं. त्याच्या बाजूला माझं, जानेवारीतलं. त्याखाली आमच्या पंधरा हजेऱ्या, टाचणी लावून.

"वकिलाला विचारलं," शेठ म्हणाला. "तो बोलतो, घेऊन टाक, जुन्या जागेवर. बोलावण्याचा कागद या अर्जाच्या आधीचा आहे, रजा द्यायला तूच बांधलेला होता. ठीक आहे. कायदा आहे तर आहे. पण हा कागद?" त्याने माझ्या वाक्यावर बोट ठेवलं. "उद्या कोणी पण राजीनामा देईल आणि येऊन बोलेल, तसा मतलब नव्हता. ज्याने लिहिलं त्याने खाली सगळ्यांसमोर सांगावं. आणि लिहून द्यावं."

मामा म्हणाला, "सही माझी आहे. मी सांगतो."

"नाही, मामा. लिहिलं मी."

खाली प्रेस थांबवल्या. दहा-बारा माणसं हात पुसत जमली. यांच्यातल्या निम्म्यांचे रेशनकार्डाचे, शाळेच्या दाखल्यांचे अर्ज मी लिहिले होते. ते मला वकीलबाई म्हणायचे. मोर्चासमोर बोलायची मी कितीदा मनात तयारी केली होती. ही तसली सभा नव्हती.

"मामाने मला सुट्टीचा अर्ज लिहायला सांगितला होता," मी म्हणाले. "परत येतो, जागा ठेवा, असं त्याने सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही. मला ते साधं वाटलं. त्याच्याऐवजी मी मला आवडलं ते लिहिलं. चूक माझी आहे."

मुर्ध्याचा कामगार पुढे येऊन म्हणाला, "शेठ, आन् त्यो जाताना 'येतो' सांगून गेलेला. सगल्यांनी ऐकलं हाय. 'जातो' न्हाय बोलला."

"अरे, 'येतो' तर सगळे मराठी बोलतात!" शेठ म्हणाला. "माझा आधीचा मेहताजी पण 'येतो' बोलून गेला. दहा वर्षं झाली, अजून येतोय."

सगळे हसले, मामासुद्धा. मेहताजीने मला कोरा कागद दिला. मी प्रेसच्या कडेवर तो ठेवला आणि लिहायला लागले, 'माझे मामा लष्करी रजेवर'...

"सुट्टी लिही," मामा मागून म्हणाला. "रजा नको."

मी खोडलं आणि सुट्टी लिहिलं. पुढचंही त्याने सांगितलं तसंच लिहिलं: 'बोलावणं आलं म्हणून सुट्टीवर गेले होते. सुटले तसे परत आले. त्यांनी नोकरी सोडलेली नव्हती.' खाली माझी सही.

मेहताजीने मस्टर उघडलं आणि सवयीने शेवटच्या नावाखाली पेन नेलं.

"तिथे नाय," मामा म्हणाला. "चौथा."

"जगह कहाँ है? नंबर सब ऊपर सरक गये."

"तिसऱ्याच्या खाली आहे की बोटभर."

मेहताजीने शेठकडे पाहिलं. शेठने होकारार्थी मान डोलावली. मग मेहताजीने दोन ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरात, मामाचं नाव घातलं आणि त्याच्या खालच्या प्रत्येक नावाचा आकडा खोडून एकाने वाढवला. मामा तोवर उभा होता. लिहून झाल्यावर त्याने वाकून नाव वाचलं, आडनावातली राहिलेली वेलांटी मेहताजीकडून घालून घेतली, आणि मग डबा खिळ्याला अडकवला.